नारळाएवढ्या डब्यात पाण्याखालचं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र कसं मोजावं?

खोलपाणी

बरेच दिवस एकाच गोष्टीच्या मागे आहे आणि आता अडलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्राच्या तळाशी ठेवता येईल असा साधारण नारळाएवढा सेन्सर बनवायचाय. पाण्यातलं विद्युतक्षेत्र तीन दिशांना आणि चुंबकीय क्षेत्र तीन दिशांना, असं सगळं एकाच डब्यात. वारंवारता अगदी खालची, ०.०१ ते १०० हर्ट्झ. त्याच्या फार वर जाण्यात अर्थ नाही. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण ४ सीमेन्स प्रति मीटर असते, त्यामुळे १ हर्ट्झची लहर २५० मीटरमध्ये ३७ टक्क्यांवर येते, १०० हर्ट्झची २५ मीटरमध्येच आणि १० किलोहर्ट्झची तर अडीच मीटरमध्ये. वरच्या वारंवारता पाणी गिळून टाकतं.

मला पाहायच्या आहेत त्या जवळून जाणाऱ्या बोटी. पोलादी सांगाडा आणि कांस्याचा पंखा एकाच खाऱ्या पाण्यात असले की त्यांची बॅटरी होते आणि पाण्यातून प्रवाह वाहत राहतो. पंख्याचा दांडा फिरताना बेअरिंगमधला संपर्क कमीजास्त होतो, म्हणून तो प्रवाह दांड्याच्या गतीने थरथरतो. ही थरथर मला त्या छोट्या डब्यात पकडायची आहे.

अडचण लांबीची आहे. विद्युतक्षेत्र म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला व्होल्टेजचा फरक भागिले त्यांच्यातलं अंतर. संशोधनातल्या मोठ्या उपकरणांना १० मीटरच्या भुजा असतात. क्षेत्र १ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर असेल तर त्यांना १० मायक्रोव्होल्ट मिळतात. माझ्या गोळ्याचा व्यास १८ सेंटिमीटर, मला मिळणार ०.१८ मायक्रोव्होल्ट. डबा लहान केला की सिग्नल त्याच प्रमाणात लहान होतो, इलेक्ट्रोडची कुरबुर मात्र तेवढीच राहते.

आतापर्यंत केलेलं: चांदीची तार ब्लीचमध्ये बुडवून तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा करडा-जांभळट थर आणला. अशा तीन जोड्या गोळ्याच्या पृष्ठभागावर समोरासमोर बसवल्या. पुढे झिरो-ड्रिफ्ट (स्वतःहून जवळजवळ न सरकणारा) अ‍ॅम्प्लिफायर, १००० पट गेन (सिग्नलची वाढ), २४ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप). लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या प्लास्टिकच्या टबमध्ये चाचणी केली. स्क्रीनवरची रेघ अर्ध्या तासात पन्नास-साठ मायक्रोव्होल्ट सरकते. टबच्या एका बाजूला हात नुसता टेकवून ठेवला तरी ती हळूहळू वर चढते. अ‍ॅम्प्लिफायर दोनदा बदलला, काडीचा फरक नाही. चूक कुठे होतेय?

शिंपला

दोन प्रश्न. इलेक्ट्रोड बनवल्यावर जोडीतल्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवल्या होत्या? आणि टब खिडकीजवळ आहे का? सिल्व्हर क्लोराइडला उजेड सोसत नाही, त्याच गुणावर जुनी फोटोग्राफी चालायची.

खोलपाणी

@शिंपला, जोडून ठेवल्याच नव्हत्या. बनवल्या आणि थेट बसवल्या. टब खिडकीजवळच आहे.

शिंपला

मग आधी एवढंच करा. सहाही इलेक्ट्रोड एका काळ्या बरणीत, त्याच खारटपणाच्या पाण्यात, सगळ्यांच्या तारा एकत्र पिळून निदान दोन-तीन दिवस ठेवा. आठवडा मिळाला तर उत्तम. नवा इलेक्ट्रोड अस्वस्थ असतो, त्याला निवू द्यावं लागतं. नंतर सहांमध्ये आपसातला फरक मोजून ज्यांचं जुळतं त्यांच्या जोड्या लावा. जे बनले त्याच क्रमाने जोड्या लावू नका.

गाळमाती

अ‍ॅम्प्लिफायरवर उगाच आळ येतोय, म्हणून आकडे मांडतो.

५ मिलिमीटर त्रिज्येचा गोल इलेक्ट्रोड ४ सीमेन्सच्या पाण्यात असेल तर पाण्याशी त्याचा रोध साधारण ४ ओहम. दोन्हींचे ८. आठ ओहमचा उष्णतेमुळे येणारा नॉईज (नको असलेली खरखर) ०.४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झसुद्धा, म्हणजे १ हर्ट्झच्या पट्ट्यात ०.४ नॅनोव्होल्टसुद्धा, भरत नाही. तुमचा झिरो-ड्रिफ्ट अ‍ॅम्प्लिफायर ५ ते ६ नॅनोव्होल्टचा असेल, दोन्ही बाजूंना एकेक धरून ८ म्हणू. आणि रेघ सरकतेय ती पन्नास मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्याच्या सहा हजार पट. हा दोष अ‍ॅम्प्लिफायरचा असूच शकत नाही.

आता रसायन. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडचं व्होल्टेज भोवतालच्या क्लोराइडवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना क्लोराइडचं प्रमाण एका बाजूला नुसतं १ टक्का जास्त असलं तरी पाव मिलिव्होल्टचा फरक पडतो. तापमानात एका अंशामागे शेकडो मायक्रोव्होल्ट. तुमच्या हाताने टबची एक बाजू एका अंशाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने तापली की पन्नास मायक्रोव्होल्ट सहज हलतात. तुम्ही बनवलाय तो सध्या तरी उत्तम थर्मामीटर आहे.

गेन १००० ठेवलाय तिथे एक धोका आहे. जोडीतला स्थिर फरक ३ मिलिव्होल्ट झाला तर आउटपुट ३ व्होल्टवर जाईल. एडीसीची मर्यादा अडीच व्होल्ट असेल तर रेघ वर जाऊन चिकटेल आणि तुम्हाला ती अगदी शांत वाटेल. कच्चा आकडा तपासत राहा.

काठावरचा

विषय आवडला, पण एक मूलभूत शंका. एवढा त्रास विद्युतक्षेत्राचाच असेल तर ते सोडून नुसतं चुंबकीय का मोजू नये? पाण्याची चुंबकीय पारगम्यता जवळपास हवेसारखीच असते. सेन्सर कोरड्या डब्यात बंद, पाण्याला स्पर्शच नाही. इलेक्ट्रोडची कटकटच उरत नाही.

दीपस्तंभ

@काठावरचा, चुंबकीय बाजूवर मी बरंच काम केलंय. तिथली दुखणी वेगळी आहेत, कमी नाहीत.

पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला असतं. ४० हजार धरा. तीन दिशांचा सेन्सर ०.१ अंशाने कलला की एका अक्षावर ७० नॅनोटेस्लापर्यंत फरक दिसतो. बोटीचा सिग्नल थोड्या अंतरावर एखाद-दुसऱ्या नॅनोटेस्लाचा असू शकतो. म्हणजे डबा लाटेने किंचित हलला तर त्याचं हलणंच बोटीपेक्षा मोठं दिसेल. चांगल्या फ्लक्सगेटचा (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरचा) स्वतःचा नॉईज १ हर्ट्झला १० पिकोटेस्लाच्या आसपास असतो, पण डबा वाळूत घट्ट बसला नसेल तर त्या दहाला काही किंमत उरत नाही. जड बूड, रुंद पाया आणि आत कल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, हे फ्लक्सगेटच्या आधी ठरवा.

दुसरं, आपलीच वीज आपल्याला नडते. १०० मिलिअँपिअरचा प्रवाह ५ चौरस सेंटिमीटरच्या वेटोळ्यातून फिरत असेल तर अक्षावर १० सेंटिमीटरवर १० नॅनोटेस्ला क्षेत्र तयार होतं. हेच ३० सेंटिमीटरवर सत्तावीस पट कमी, पण नारळात ३० सेंटिमीटर कुठून आणणार? म्हणून बॅटरीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळा आणि सर्किट बोर्डवर जाणारा-येणारा प्रवाह एकाखाली एक ठेवा. मेमरी कार्डवर लिहिताना प्रवाह एकदम उसळतो, म्हणून दर सेकंदाला लिहिण्याऐवजी साठवून एकदम लिहा आणि त्या क्षणांवर खूण करून ठेवा.

तिसरं, लपलेलं लोखंड आणि निकेल. सोन्याचा मुलामा दिलेल्या बोर्डवर सोन्याखाली बहुधा निकेल असतं. बॅटरीचं पोलादी कवच, स्प्रिंग, काही कनेक्टरच्या पिना, स्टेनलेस म्हणून आणलेले स्क्रू. प्रत्येक भाग फ्लक्सगेटजवळून फिरवून पाहिल्याशिवाय आत टाकू नका. लिथियमची पाकिटासारखी बॅटरी पोलादी नळकांड्यापेक्षा बरी.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही मोजायचं कारण असं की बोटीच्या लोखंडाचं चुंबकत्व आणि तिच्या गंजाचा प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३९ मध्ये जर्मनीने समुद्रात चुंबकीय सुरुंग पेरायला सुरुवात केल्यावर जहाजांभोवती केबल गुंडाळून चुंबकत्व मारायला सुरुवात झाली, ते तंत्र आजही चालतं. पण चुंबकत्व मारलं तरी पंख्यातून सांगाड्यात जाणारा प्रवाह थांबत नाही. तो विद्युतक्षेत्रातच स्वच्छ दिसतो.

काठावरचा

पटलं. मग डबा कशाचा करायचा? मी अ‍ॅल्युमिनियम म्हणणार होतो.

दीपस्तंभ

अ‍ॅल्युमिनियममध्ये १०० हर्ट्झचं क्षेत्र साडेआठ मिलिमीटरमध्येच ३७ टक्क्यांवर येतं, जाड भिंत असेल तर सिग्नल तिथेच मरतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूत तोच आकडा ६५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून चुंबकीय कामाला टायटॅनियम चालतं. पण विद्युतक्षेत्रासाठी बाहेरचं अंग धातूचं असून चालणारच नाही, धातू त्याच्या भोवतीचं क्षेत्र शॉर्ट करून टाकेल. दोन्ही कामांसाठी जाड प्लास्टिकच. १०० मीटर खोलीवर बाहेरून दहा वातावरणांचा जादा दाब येतो, त्या हिशोबाने भिंत ठेवा.

जलचर_वेडी

मी इलेक्ट्रॉनिक्समधली नाही, माशांवर काम करते. पण तापमानाचं वाचून राहवलं नाही.

शार्क आणि रे माशांच्या डोक्यावर बारीक छिद्रं असतात. स्टेफानो लोरेन्झिनीने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, ती कशासाठी आहेत हे मात्र त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं पक्कं ठरलं नव्हतं. १९७१ मध्ये कालमाइनने दाखवलं की शार्क वाळूखाली पुरलेला मासा त्याच्या विद्युतक्षेत्रावरून शोधतो. वास आणि हालचाल बंद केली तरी तो बरोबर तिथेच वळायचा, आणि माशाऐवजी नुसते इलेक्ट्रोड पुरले तरी त्यांनाच चावायला जायचा. त्यांची संवेदना ५ नॅनोव्होल्ट प्रति सेंटिमीटरपर्यंत जाते, तुमच्या भाषेत अर्धा मायक्रोव्होल्ट प्रति मीटर.

मुद्दा रचनेचा आहे. प्रत्येक छिद्रापासून आत एक जेलीने भरलेली नळी जाते. जेली खाऱ्या पाण्यासारखीच वीज वाहते, नळीची भिंत मात्र वाहू देत नाही. छिद्रं डोकंभर पसरलेली, पण नळ्यांची आतली टोकं, जिथे संवेदनाक्षम पेशी असतात, ती झुबक्या-झुबक्याने एकत्र. म्हणजे मोजणारी यंत्रणा एका जागी आणि पाण्याला स्पर्श दूरदूर. मी एकदा रे माशाच्या डोक्याचं विच्छेदन करताना छिद्राशेजारी बोटाने हलकेच दाबलं होतं, तेव्हा छिद्रातून काचेसारखा स्वच्छ जेलीचा थेंब वर आला. तो अजून डोळ्यांसमोर आहे.

गोड्या पाण्यातल्या रे माशांमध्ये या नळ्या अगदी आखूड असतात. तिथलं पाणी वीज कमी वाहतं, त्यामुळे सगळं गणितच वेगळं.

तुम्ही इलेक्ट्रोड पृष्ठभागावर दूरदूर लावलेत. ते सगळे गोळ्याच्या मध्यभागी एकत्र ठेवून पृष्ठभागापर्यंत नळ्या नेल्या तर?

गाळमाती

@जलचर_वेडी, नेमकं हेच! समुद्रतळावरच्या उपकरणांत फियू नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात हाच मार्ग घेतला होता. इलेक्ट्रोड जवळजवळ आणि पाण्यापर्यंत खाऱ्या पाण्याच्या नळ्या. वर तो दोन्ही नळ्यांची अदलाबदल करायचा, म्हणजे इलेक्ट्रोडचा स्वतःचा फरक वजा करता येई. शार्कशी जोड मला कधी सुचली नव्हती.

तरंगलांबी

नळ्यांची किंमत मोजावी लागेल, ती किती ते पाहू.

नळी ८ सेंटिमीटर लांब आणि आतून ८ मिलिमीटर व्यासाची असेल तर तिचा रोध साधारण ४०० ओहम. समोरासमोरच्या दोन मिळून ८००, नॉईज ३.६ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. अ‍ॅम्प्लिफायरच्या ८ पेक्षा खाली, चालेल. पण जागा वाचवायला ३ मिलिमीटरची नळी घेतलीत तर रोध ५,६०० ओहमपर्यंत जातो आणि नॉईज साडेनऊवर, म्हणजे नळीच अ‍ॅम्प्लिफायरच्या वर. नळी जाड ठेवा.

एक आनंदाची गोष्ट राहून गेली. वीज न वाहणारा गोळा क्षेत्रात ठेवला की प्रवाहाला त्याला वळसा घालून जावं लागतं, आणि गोळ्याच्या दोन ध्रुवांमधला फरक मोकळ्या पाण्यातल्यापेक्षा दीडपट होतो. म्हणजे तुमचे १८ सेंटिमीटर प्रत्यक्षात २७ चं काम करतात. बारीक लांब दांडीला हा फायदा जवळजवळ नाही. चपट्या तबकडीला तिच्या अक्षाच्या दिशेने आणखी जास्त आहे, पण एकाच दिशेत. तीनही दिशा हव्या असतील तर गोळाच बरा.

सगळं धरून: अ‍ॅम्प्लिफायर आणि नळी मिळून ८.८ नॅनोव्होल्ट, भागिले ०.२७ मीटर, म्हणजे ३३ नॅनोव्होल्ट प्रति मीटरच्या आसपास. हे १ हर्ट्झच्या पट्ट्यात आणि कागदावर. शार्कच्या मर्यादेच्या पंधराव्या हिश्शाला. इलेक्ट्रोड शांत राहिले तर.

काठावरचा

इलेक्ट्रोडच्या रसायनातून सुटायचं तर कार्बन फायबर का नको? क्लोराइडचा प्रश्नच नाही.

शिंपला

कार्बन फायबर पाण्याशी मुख्यतः कपॅसिटरसारखा जोडला जातो. झिजत नाही, उजेडाची भीती नाही, बोटीच्या दांड्याच्या काही हर्ट्झना चांगला. पण अगदी मंद बदल, भरती-ओहोटीसारखे, त्यातून जात नाहीत. धागाकर्त्यांना ०.०१ हर्ट्झ हवंय. तिथे तंतूंचं पृष्ठफळ खूप मोठं आणि अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट करंट अगदी कमी लागेल. फक्त बोटीच पाहायच्या असतील तर मी कार्बन घेईन. मंद बदलांसाठी चांदीच.

खोलपाणी

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक सल्ला करून पाहिला.

इलेक्ट्रोड नऊ दिवस काळ्या बरणीत ठेवले. आठ बनवले होते, त्यातले दोन इतरांशी जुळेचनात म्हणून टाकले. उरलेले सहा गोळ्याच्या मध्यभागी एका प्लास्टिकच्या ठोकळ्यात एकमेकांपासून दीड सेंटिमीटरवर बसवले आणि ८ मिलिमीटरच्या नळ्या पृष्ठभागापर्यंत नेल्या. टबला हात टेकवला. रेघ हलली नाही. मी दहा मिनिटं तसाच हात ठेवून बसलो होतो.

पण दुसऱ्या अक्षाने छळलं. गोळा जरा तिरका केला की रेघ भसकन खाली, सरळ केला की परत वर, शिवाय घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा दाट गुंजारव. दोन दिवस सोल्डर तपासण्यात घालवले. शेवटी गोळा पाण्यातच धरून टॉर्चच्या उजेडात नळीत पाहिलं, तर आत मोत्याएवढा हवेचा बुडबुडा. तिरकं केलं की तो नळीच्या वाकणात अडकून पाण्याचा धागा तोडत होता.

तिसऱ्या अक्षावर रेघ वर जाऊन मर्यादेला चिकटलेली. @गाळमाती यांनी कच्चा आकडा तपासायला सांगितलं नसतं तर मी ती शांतच समजलो असतो. इपॉक्सी फोडलं तर चांदीच्या तारेला जिथे तांब्याची तार जोडली होती तिथे हिरवा डाग. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून खारं पाणी आत शिरलं होतं आणि तांबं स्वतःच तिसरा इलेक्ट्रोड बनलं होतं. आता जोड कोरड्या भागात घेतलाय, पाण्याकडे फक्त चांदीची सलग तार जाते. वेणीच्या तारेतून पाणी तंतूंमधल्या फटींनी वर चढतं, म्हणून तिथे एकच जाड तार.

मोजमापही घेतलं. टबच्या दोन टोकांना पत्रे लावून ०.५ हर्ट्झला १० मायक्रोअँपिअर सोडले. पाण्याचा छेद ०.१ चौरस मीटर, वाहकता ५ च्या आसपास, म्हणजे २० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. दीडपटीने ५.४ मायक्रोव्होल्ट यायला हवे होते, आले त्याहून बरेच जास्त. इथे गोंधळलोय.

तरंगलांबी

टब अरुंद आहे. तुमच्या गोळ्याचा छेद ०.०२५ चौरस मीटर, म्हणजे प्रवाहाच्या वाटेचा पाव भाग त्यानेच अडवलाय. उरलेल्या जागेतून प्रवाह दाटीने जातो, म्हणून आकडा वाढला. दीडपट हे अमर्याद पाण्यासाठी. छेद निदान दहापट मोठा मिळेल अशा टाकीत किंवा थेट समुद्रात, ज्ञात अंतरावरून ज्ञात प्रवाह सोडून तपासा. आणि गोळा ९० अंशांनी फिरवून तीनही अक्ष त्याच क्षेत्रात मोजा, तुमचे अक्ष खरंच काटकोनात आहेत का ते तिथेच कळेल.

समुद्रात नेल्यावर आणखी एक लक्षात असू द्या. डबा दोरीने ओढत नेलात आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा भाग ४० हजार नॅनोटेस्ला असेल, तर सेकंदाला १ मीटर वेगाला ४० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आपोआप दिसतील. फॅराडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून तार टाकून थेम्सच्या वाहत्या पाण्यातला हाच परिणाम मोजायचा प्रयत्न केला होता. त्याच्या पत्र्यांच्या रासायनिक कुरबुरीत सिग्नल हरवला. तुम्ही तळाशी स्थिर ठेवताय हे म्हणूनच बरं.

जलचर_वेडी

बुडबुड्याचं काय केलंत?

खोलपाणी

नळीतलं वाकण काढून ती बाहेरच्या बाजूला किंचित चढती केली. पण खाली तोंड असलेल्या नळीत बुडबुडा तरीही अडकतोच.

जलचर_वेडी

नळ्या जेलीने भरा. आम्ही प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्यातच २-३ टक्के अगर (चायना ग्रास) उकळून वापरतो. गरम असतानाच नळी पूर्ण बुडवून भरा, थंड होताना ते किंचित आकसतं म्हणून तोंडावर थोडं जास्त ठेवा आणि नंतर कापून घ्या. भरलेली नळी हवेत राहू देऊ नका, सुकली की भिंतीपासून सुटते. पाण्यात बरेच दिवस ठेवायचं असेल तर अगर सडतं, म्हणून दर फेरीला नवीन भरा.

गाळमाती

अगरसाठी पाणी शक्यतो जिथे डबा ठेवणार तिथलंच घ्या. खारटपणा वेगळा असेल तर जेलीतून क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपत राहील आणि रेघ परत सरकेल, आठवडाभर.

खोलपाणी

दोन्ही नोंदवलं. तिथलंच पाणी आणून आज रात्री भरतोय. सहाही नळ्या एकाच पातेल्यातल्या अगरने भरणार, म्हणजे निदान एकमेकींशी तरी जुळतील. मोठ्या टाकीतली मोजणी झाली की आकडे इथेच टाकतो.